दात आधी वाचवू, मग उजळवू

वर्षावासात विहारात आरोग्य तपासणीचा दिवस होता. रांगेत एक ताई आपल्या लेकीला घेऊन बसल्या होत्या. मुलगी बावीस वर्षांची, पदवीधर, एका दुकानात हिशेब सांभाळते. लहानपणी नळावर पाय घसरून पडली तेव्हा वरचा पुढचा एक दात दुखावला होता. तो हळूहळू काळसर पडला. आता लग्नाची बोलणी सुरू आहेत, म्हणून ताईंनी तिला एका दवाखान्यात दाखवले. तिथून एक छापील कागद मिळाला. वरच्या सहा दातांना कॅप, बाकीचे दात पांढरे करणे, असे सगळे मिळून 'स्माइल पॅकेज', आणि पैसे हप्त्याने. ताईंनी तो कागद आमच्यापुढे धरला आणि विचारले, "हे करून घेऊ का? बचत गटातून कर्ज मिळतंय."

आमच्यासोबत आलेल्या दंतवैद्यांनी मुलीचे तोंड नीट तपासले. त्या सहा दातांपैकी पाच दात धडधाकट होते. प्रश्न एकाच दाताचा होता. खालच्या दोन दाढांना मात्र खोल कीड लागली होती आणि डाव्या बाजूने ती मुलगी वर्षभर चावतच नव्हती. त्या महागड्या कागदावर या दाढांचा साधा उल्लेखही नव्हता. दाढा हसताना दिसत नाहीत ना!

या एका कागदामुळे हा लेख लिहावा लागला. कारण असे कागद आता वस्तीवस्तीत येऊ लागले आहेत. रिक्षाच्या मागे, लोकल स्टेशनच्या भिंतीवर, मोबाईलवर, सगळीकडे शुभ्र दातांच्या जाहिराती आहेत. खर्च करायला आपल्याकडे पैसा थोडा आणि तोही कष्टाचा. म्हणून तो आधी कशावर खर्च करायचा, हे आपणच ठरवले पाहिजे, जाहिरातीने नव्हे.

दिसण्याला आम्ही कमी लेखत नाही

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. 'गरिबाला कशाला हवे सुंदर दिसणे' असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना स्वच्छ राहा, लुगडे नीट नेसा, आपली जात दाखवणारे जुने दागिने टाकून द्या, असे सांगितले होते. तो नटण्यामुरडण्याचा उपदेश नव्हता. पेहराव आणि राहणी हीदेखील गुलामीची खूण असते आणि ती पुसता येते, हे त्यांनी सांगितले. तोंडावर हात धरून हसणारी मुलगी, मुलाखतीत ओठ मिटून बोलणारा मुलगा, फोटोत मागे लपणारी वहिनी यांचे दुःख खरे आहे. त्या दुःखावर इलाज करणे ही चैन नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की इलाजाला क्रम असतो. ज्या घराच्या वाशाला वाळवी लागली आहे, त्याला आधी रंग देत नाहीत. आधी वाळवी काढतात, वासा बदलतात, मग रंग देतात. दातांचेही तसेच आहे.

दुरुस्ती आणि सजावट

दातांचे उपचार ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला प्रकार दुरुस्तीचा. किडलेला भाग कोरून त्यात सिमेंट भरणे, नसेपर्यंत कीड गेली असेल तर रूट कॅनल करणे, कमजोर दाताला कॅप बसवणे, हिरड्यांची साफसफाई, पडलेल्या दाताच्या जागी नवा दात किंवा कवळी बसवणे. यातून दात वाचतो, चावता येते, पू आणि सूज थांबते.

दुसरा प्रकार सजावटीचा. औषध लावून दात पांढरे करणे म्हणजे ब्लीचिंग. दाताच्या पुढच्या बाजूला चिनी मातीसारख्या पदार्थाचा पातळ पापुद्रा चिकटवणे म्हणजे व्हिनिअर. केवळ एकसारखे दिसावेत म्हणून चांगल्या दातांना कॅप घालणे हेही त्यातच आले. यातून रूप बदलते, रोग बरा होत नाही.

पण ही दोन टोके अगदी वेगळी आहेत असेही नाही, आणि वस्तीतल्या माणसाला हेच कुणी सांगत नाही. पुढच्या दाताचा कोपरा तुटला असेल तर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरून तो एका बैठकीत पुन्हा घडवता येतो. दात मजबूत होतो आणि दिसतोही चांगला. म्हणजे दुरुस्ती नीट झाली की बरीचशी सजावट त्यातच होऊन जाते. उलट मात्र होत नाही. किडलेल्या दातावर कितीही शुभ्र कॅप चढवली तरी आतली कीड आपले काम करतच राहते.

निरोगी दात घासू देण्याआधी शंभरदा विचार करा

दाताचे वरचे कठीण कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते शरीरातले सर्वांत कठीण. पण त्याची एक मर्यादा आहे. ते एकदा गेले की परत येत नाही. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरते, इनॅमल मात्र पुन्हा वाढत नाही. कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी घासून बारीक करावा लागतो. व्हिनिअरसाठीही बहुतेक वेळा दाताचा पुढचा पातळ थर घासावा लागतो. हे घासणे कायमचे. नंतर 'नको, माझे जुने दात परत द्या' असे म्हणता येत नाही.

शिवाय व्हिनिअर जन्मभर टिकत नाही. चांगले बसलेले व्हिनिअरही साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलावे लागते. बाविसाव्या वर्षी ते बसवले तर आयुष्यात तीन-चार वेळा तोच खर्च पुन्हा करावा लागणार. पॅकेजच्या कागदावर हे लिहिलेले नसते. कॅपसाठी घासलेल्या चांगल्या दातांपैकी काहींची नस नंतर मरते आणि त्यांना रूट कॅनल लागते, हेही तिथे लिहिलेले नसते.

आमच्या ओळखीतला एक तरुण हे भोगतो आहे. गाडी चालवून पोट भरतो. पुढचे दात थोडे वेडेवाकडे होते, म्हणून त्याने कर्ज काढून वरचे सहा चांगले दात घासून कॅप बसवल्या. दात वेडेवाकडे असतील तर तार लावून ते सरळ करता येतात, त्याला वेळ लागतो पण दात शाबूत राहतात, हे त्याला कुणी सांगितले नाही. दोन वर्षांत दोन कॅपखाली पू झाला. आता कर्जाचे हप्ते वेगळे आणि रूट कॅनलचा खर्च वेगळा. तो म्हणतो, "चांगला होता तो दात पैसे देऊन आजारी केला."

आधी काय, मग काय

मग आपण क्रम कसा लावायचा? आम्ही चार पायऱ्या सुचवतो.

पहिली पायरी, आग विझवा. ठणका, सूज, पू, गरम-गार लागल्यावर बराच वेळ राहणारी कळ, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, यांचा इलाज सर्वांत आधी. ठणकणारी दाढ एके दिवशी आपोआप शांत झाली तर खूश होऊ नका. बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते आणि रोग मुळाकडे सरकलेला असतो. जबड्याखाली किंवा मानेकडे सूज उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. दाताच्या पुवाने माणूस दगावू शकतो.

दुसरी पायरी, कारण थांबवा. कीड गोड आणि चिकट खाण्यावर पोसते. मुलांच्या हातातले पाच-पाच रुपयांचे पुडे, चहात बुडवलेली बिस्किटे, झोपताना बाळाच्या तोंडातली दुधाची बाटली, ही कारणे तशीच राहिली तर भरलेला दातही पुन्हा किडतो. तंबाखू, गुटखा, मिश्री यांचेही तेच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो वस्तीच्या कोपऱ्यावर मिळतो हे आपण रोज पाहतो. पाचव्या शीलाचा अर्थ आपण फक्त दारूपुरता ठेवला आहे. मिश्री लावणाऱ्या माउलीला आणि गुटखा चघळणाऱ्या उपासकालाही ते शील लागू आहे, असे आम्हाला वाटते. व्यसन सोडायचे असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे.

तिसरी पायरी, चावणे परत मिळवा. दाढा वाचवा, भरून घ्या, कॅप घाला. मागच्या दाढेला धातूची कॅप पुरते. ती दणकट असते, स्वस्त पडते आणि तिच्यासाठी दात तुलनेने कमी घासावा लागतो. मागे धातू दिसतो म्हणून कुणी हसत नाही. तिथे महागडी पांढरी कॅप हवी असेल तर जरूर घ्या, पण परवडत नसेल तर धातूच्या कॅपची लाज नको. जुनी चांदीची भरलेली दाढ असेल आणि ती नीट असेल, तर केवळ रंगासाठी ती उकरून काढू नका.

चौथी पायरी, रूप. तोंड निरोगी झाले, व्यसन सुटले, हिरड्यांतून रक्त येणे थांबले, की मग पुढच्या दातांच्या रंगाचा आणि आकाराचा विचार करा. आणि तेव्हाही सर्वांत कमी घासण्याचा उपाय आधी विचारा.

नेहमीचे प्रश्न

तपासणीच्या दिवशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतो.

'दात पिवळे-काळे आहेत, ब्लीच करू का?' आधी साफसफाई करून घ्या. चहा, तंबाखू आणि मिश्रीचे बरेचसे डाग मशीनने दात साफ केल्यावरच निघतात. ब्लीचचा पैसा वाचतो. 'साफ केल्यावर दात हलतात' ही वस्तीत घट्ट बसलेली समजूत आहे. दात आधीच हललेले असतात. दगडासारखा जमलेला थर त्यांना नुसता धरून असतो आणि आतून हिरडी खात असतो. थर निघाल्यावर फटी दिसतात, कारण त्या आधी बुजलेल्या होत्या. आणि ब्लीच करायचेच असेल तर एवढे लक्षात ठेवा: ते फक्त नैसर्गिक दातावर चालते, कॅपचा किंवा भरलेल्या सिमेंटचा रंग त्याने बदलत नाही. कीड असलेल्या दातावर ते करू नये. चहा-तंबाखू सुरू राहिली तर रंग परत येतो. घरी लिंबू, कोळसा, राखुंडी घासून दात पांढरे करणे म्हणजे इनॅमल झिजवणे.

'जन्मापासून दातांवर तपकिरी डाग आहेत.' यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतून शहरात आलेल्या कुटुंबांत हे दिसते. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर लहानपणी दात घडत असतानाच डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणीच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंतची सूट भारतीय मानकात आहे. हे डाग अस्वच्छतेचे नसतात, त्यामुळे त्यांची लाज बाळगायचे कारण नाही. सौम्य डाग वरवर घासून, ब्लीच करून किंवा कॉम्पोझिट लावून कमी होतात. थेट सगळे दात घासून कॅप घालण्याची गरज क्वचित असते. गावी राहिलेल्या भावंडांच्या मुलांसाठी मात्र ग्रामपंचायतीकडे पाणी तपासून मागा. त्यांचे दात अजून घडायचे आहेत.

'मार लागून दात काळा पडला.' आतली नस मेली असण्याची शक्यता असते. एक्स-रे काढा. गरज असेल तर त्या एकाच दाताचे रूट कॅनल होते. मग तो आतून ब्लीच करता येतो किंवा त्या एकाला कॅप बसते. शेजाऱ्यांना शिक्षा कशाला?

'दात पडला, आता काय?' जागा रिकामी ठेवली तर शेजारचे दात त्या फटीत कलतात आणि समोरचा दात बाहेर येऊ लागतो. काढता-घालता येणारा दात सर्वांत स्वस्त. ब्रिज पक्का असतो, पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे दात घासावे लागतात. इम्प्लांट शेजारच्या दातांना हात लावत नाही, पण महाग. हे तिन्ही पर्याय डॉक्टरांकडून समजून घ्या आणि आपल्या खिशाप्रमाणे निवडा. आजोबांना एकही दात नसेल तर 'वय झालं' म्हणून त्यांना भात-वरणावर बसवू नका. पूर्ण कवळीने भाकरी खाता येते.

'दुधाचे दात तर पडणारच, मग इलाज कशाला?' कारण मुलाला आज दुखते आहे, आज जेवता येत नाही. दुधाची दाढ अकाली गेली तर मागून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा चुकते. आणि आणखी एक गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी नवी दाढ येते ती दुधाची नसते, जन्मभराची असते. दुधाची समजून हिच्याकडे दुर्लक्ष होते आणि ती किडून जाते. लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दातांवर लावायचे चांदीयुक्त एक औषध आहे. ते कीड रोखते, दुखत नाही, मशीन लागत नाही, पण किडलेला भाग काळा करते. इथे रूप आणि आरोग्य समोरासमोर उभे राहतात. आम्ही म्हणतो, दुधाच्या दाढेला काळा डाग चालेल, मुलाची झोप आणि जेवण महत्त्वाचे.

'काढून टाका' हाही अन्याय आहे

हप्त्यावरच्या पॅकेजची दुसरी बाजू म्हणजे 'काढून टाका'. श्रीमंताच्या दाढेचे रूट कॅनल होते, गरिबाची दाढ उपटली जाते. कधी डॉक्टर विचारतच नाहीत, कधी आपणच म्हणतो, 'एकदाची काढा म्हणजे कटकट मिटेल.' रोजंदारी बुडते, चार खेपा घालायला वेळ नसतो, हे आम्हाला माहीत आहे. पण एकेक करून दाढा गेल्या की चाळिशीत माणूस कडधान्य, शेंगदाणे, कच्ची भाजी, भाकरी सोडतो आणि मऊ पाव-बिस्किटावर येतो. मधुमेह असेल तर हे आणखी घातक. जी दाढ वाचू शकते ती वाचवणे हा आपला हक्क आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "ही वाचेल का?" उत्तर 'नाही' असेल तर कारण विचारा आणि एक्स-रे दाखवायला सांगा.

कीड छोटी असताना एका बैठकीत सिमेंट भरून काम भागते. नसेपर्यंत गेली की रूट कॅनल आणि कॅप. मूळच गेले की दात काढणे आणि नवा बसवणे. प्रत्येक पायरीला खर्च वाढत जातो. म्हणून न दुखणारा काळा ठिपका दाखवायला जाणे, हीच गरिबाची खरी बचत.

कुठे जायचे, काय विचारायचे

मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये इथे खासगी दवाखान्याच्या तुलनेत फारच कमी पैशात काम होते. इतर शहरांतल्या खासगी दंत महाविद्यालयांतही दर कमी असतात. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ लागतो, खेपा पडतात, पण काम तपासून घेतले जाते. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर ईएसआय दवाखान्यात दातांची सोय विचारा. तो पैसा तुमचाच आहे. योजनेच्या कार्डावर दाताचे सगळे काम फुकट होईल असे मात्र गृहीत धरू नका. उपचाराआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

फुटपाथवर किंवा गाळ्यात 'दोन तासांत पक्का दात' बसवणाऱ्यांपासून दूर राहा. ते शेजारच्या दातांना तार आणि प्लास्टिकचा मसाला चिकटवून दात अडकवतात. तो निघत नाही, म्हणून साफही होत नाही. खाली हिरडी सडते आणि एका दातासाठी शेजारचे दोन जातात. राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय दातांचे उपचार करणे कायद्याने गुन्हा आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

कोणत्याही दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधी हे पाच प्रश्न विचारा. माझ्या तोंडात रोग कुठे कुठे आहे? हे काम रोगासाठी आहे की दिसण्यासाठी? यात चांगला दात घासला जाणार का? कमी घासण्याचा दुसरा उपाय आहे का? हे किती वर्षे टिकेल आणि बदलायला काय लागेल? उत्तरे आणि खर्च कागदावर लिहून घ्या. घाई करणाऱ्याला सांगा, घरी विचारून येतो. दात दुखत नसेल तर आठवड्याने काही बिघडत नाही.

आणि तोंडातली एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तर पांढऱ्या दातांचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ते दाखवा. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांत ही कर्करोगाची सुरुवात असू शकते.

लग्न, जयंती आणि विहार

आता थोडे आपल्या घरातले बोलू. आपण बौद्ध पद्धतीने लग्न लावतो, हुंडा नाही म्हणतो. पण मुलगी पाहताना तिचा रंग आणि दात पाहतोच. मुलाचे दात गुटख्याने तपकिरी झाले तरी त्याला कुणी विचारत नाही, मुलीच्या एका काळ्या दातासाठी आईला कर्ज काढावे लागते. हे आपल्या धम्मात बसत नाही. पाहायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे की या गोष्टी बोलायच्या नाहीत. एवढे झाले तरी कित्येक हप्ते वाचतील.

दुसरे, जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या एका रात्रीचे भाडे वाचवले तर वस्तीतल्या सगळ्या मुलांची दाततपासणी करता येईल आणि प्रत्येक घरात फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश देता येईल. दंत महाविद्यालयाला पत्र दिले तर ते शिबिरासाठी पथक पाठवतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तेवढे पत्र लिहावे. पण शिबिर फोटोपुरते नको. ज्यांना पुढे उपचार हवेत त्यांची यादी करून, एखाद्या कार्यकर्त्याने त्यांना महाविद्यालयात सोबत नेले पाहिजे. तिथली खिडकी, केसपेपर, मजला याची सवय नसल्याने आपली माणसे परत येतात. आणि महापालिकेच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात दातांची खुर्ची हवी, ही मागणी नगरसेवकाकडे लावून धरली पाहिजे. दाढेसाठी दिवसाची मजुरी बुडवून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागणे हाही अन्यायच आहे.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातून वापरायची अनुज्ञा दिल्याचे विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. दातून केल्याने तोंडाला वास येत नाही, अन्नाची चव लागते, असे फायदे तिथे मोजले आहेत. दातून किती लांब असावे हेही सांगितले आहे : आठ अंगुळांपेक्षा जास्त नको, चारपेक्षा कमी नको. घरदार सोडलेल्या माणसांच्या दातांची इतकी काळजी घेतली गेली. त्यात दात पांढरे दिसण्याचा उल्लेख नाही. अन्न गोड लागावे, याचा आहे.

त्या ताईंनी शेवटी कागदाची घडी घालून ठेवली आणि बचत गटाचे कर्ज घेतले नाही. मुलीच्या काळ्या दाताचे दंत महाविद्यालयात रूट कॅनल झाले आणि त्या एकाच दाताला, शेजारच्या रंगाशी जुळवून, कॅप बसली. एक दाढ भरली, दुसरीचे रूट कॅनल करून धातूची कॅप घातली. सहा खेपा पडल्या आणि दोन दिवसांचा पगार कापला गेला. पाच चांगले दात आहेत तसे राहिले. लग्नाचे काय झाले ते आम्ही विचारले नाही. तिनेच सांगितले की आता ती दोन्ही बाजूंनी भाकरी चावते.

जय भीम. नमो बुद्धाय.